कपाटाची दुसरी किल्ली



आजचा विषय ऐकून घरातले सगळे हसले. "तुम्ही आणि डेटा सेंटर?" त्यांचंही बरोबरच आहे म्हणा. मराठी विषय घेऊन बी.ए. झालो आणि उभा जन्म पोरांना समास आणि प्रयोग शिकवण्यात गेला. पण ज्या गोष्टीने एक रात्र झोप उडवली, तिच्याबद्दल चार शब्द लिहायला इंजिनीअरची पदवी लागू नये असं मला वाटतं.

ती रात्र ४ ऑक्टोबर २०२१ ची. आमची आक्का नागपूरला इस्पितळात होती. नुकतीच शस्त्रक्रिया झालेली. भाचा तिच्यापाशी होता आणि रोज रात्री साडेनऊला, डॉक्टर तपासून गेले की, व्हॉट्सॲपवर दोन ओळी पाठवायचा. त्या रात्री ओळी आल्या नाहीत. दहा वाजले, साडेदहा वाजले. ही म्हणाली, "तो काहीतरी लपवतोय." माझ्याही मनात तेच होतं, पण बोलायचा धीर होत नव्हता. शेवटी सव्वाअकराला साधा फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला. "मामा, आई छान झोपलीय. व्हॉट्सॲपच बंद पडलंय, मघापासून पाठवतोय, जातच नाहीये. तुम्ही झोपला असाल म्हणून फोन नाही केला."

दोन तास आम्ही दोघं म्हातारे त्या फोनकडे बघत बसलो होतो, आणि त्याच फोनवरून बोलताही येतं हे सुचलं नाही! दुसरी वाट हातात होती. वापरायची सवयच मोडली होती.

हा भाचा नवी मुंबईत एका डेटा सेंटरमध्ये नोकरीला आहे. दिवाळीत साताऱ्याला आला तेव्हा मी त्याला समोर बसवून विचारलं, "नेमकं झालं काय होतं रे?" त्याने सांगितलं ते माझ्या भाषेत सांगतो.

डेटा सेंटर म्हणजे हजारो संगणक ठेवलेली इमारत. तिला तीन गोष्टी अखंड लागतात : वीज, बाहेरच्या जगाशी जोडणारी तार, आणि दूर बसून कारभार बघण्याची सोय. तिन्हींची दुहेरी व्यवस्था करतात. संगणकाला विजेच्या दोन दोऱ्या, दोन वेगळ्या बाजूंनी. वीज गेली तर जनरेटर भार घेईपर्यंत बॅटऱ्या सांभाळतात. गंमत अशी, की दोन्ही बाजू निम्म्याहून कमी भरलेल्या ठेवाव्या लागतात. दोन्हीकडे सत्तर टक्के भार असेल आणि एक बाजू गेली, तर दुसरीवर एकशेचाळीस टक्के येऊन तीही बसणार. म्हणजे कागदावर दोन, प्रत्यक्षात एकही नाही. हे गणित सातवीच्या पोरालाही सुटेल, पण चुकतात लोक इथेच.

कारभाराचंही तसंच. सर्व्हरमध्ये एक छोटा वेगळा संगणक असतो. मोठा बंद पडला तरी हा जागा असतो आणि लांबून मोठ्याला उठवू शकतो. त्याच्यापर्यंत पोचायला नेहमीच्या रस्त्याहून निराळा रस्ता हवा. कुठे स्वतंत्र तार, कुठे मोबाईलचं सिमकार्ड. याला ते लोक 'आउट ऑफ बँड' म्हणतात. आपण मागचं दार म्हणू या.

त्या रात्री फेसबुकमध्ये नेमकं हेच मागचं दार उघडलं नाही. (व्हॉट्सॲप त्यांचंच.) नेहमीच्या देखभालीत त्यांची सगळी डेटा सेंटरं जोडणाऱ्या जाळ्याची तपासणी करायला एक आज्ञा दिली गेली. तिने जाळंच तुटलं. अशा आज्ञा अडवायला एक पहारेकरी प्रोग्राम होता, त्यातही चूक निघाली. मग जगाला फेसबुकचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रांनी पाहिलं, की आपला आपल्याच डेटा सेंटरांशी संपर्क नाही. नियमाप्रमाणे त्यांनी इंटरनेटवरून आपली पाटी उतरवली. यंत्रं धडधाकट होती, पण कुणाला सापडत नव्हती. इंजिनीअर लांबून दुरुस्ती करायला गेले तर पुढचा रस्ता बंद आणि मागचाही बंद. दुरुस्तीची बरीचशी हत्यारं त्याच जाळ्यावर अवलंबून. शेवटी माणसं प्रत्यक्ष पाठवावी लागली, आणि तिथला बंदोबस्त इतका कडक, की आत शिरून काम सुरू करायलाच वेळ गेला. सुमारे सहा तास गेले. हे सगळं कंपनीने दुसऱ्याच दिवशी मोकळेपणाने लिहून प्रसिद्ध केलं.

हे ऐकताना मी जरा खाली मान घातली, कारण मला माझं कपाट आठवलं. शाळेत मुख्याध्यापक असताना कचेरीच्या लोखंडी कपाटाची दुसरी किल्ली मी अगदी जपून ठेवली होती... त्याच कपाटात. पाकिटात घालून, वर सुवाच्य अक्षरात 'जादा किल्ली' लिहून. सहामाहीच्या दिवशी पहिली किल्ली हरवली आणि प्रश्नपत्रिका आत. कुलूपवाला येईपर्यंत सव्वा तास मुलं पटांगणात बसली. शिपाईमामा काही बोलले नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं. ते बघणं अजून विसरलो नाही.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच, की जी दुसरी वाट पहिलीच्या आधाराने उभी असते ती दुसरी नव्हेच. आणि जी कधी चालून बघितली नाही ती वाटच नव्हे.

भाच्याने त्यांच्याकडची गोष्ट सांगितली. दोन कंपन्यांकडून दोन तारा घेतलेल्या, दोघांची बिलं वेगळी. एक दिवस रस्ता खणताना जेसीबीने दोन्ही एकाच फटक्यात तोडल्या. दोन्ही कंपन्यांनी तार एकाच चरातून नेली होती! नकाशा कुणी मागितलाच नव्हता. याउलट १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, तेव्हा त्यांचा एकही संगणक बंद पडला नाही. कारण ते दर महिन्याला जनरेटर नुसते सुरू करून बघत नाहीत, खरा भार टाकून बघतात.

फेसबुकचंही तेच. जाळं परत जोडल्यावर सगळी यंत्रं एकदम सुरू करणं धोक्याचं होतं. विजेची मागणी अचानक उसळली असती. पण एखादं अख्खं डेटा सेंटर बंद पडलं तर काय करायचं याची तालीम त्यांनी पूर्वी केलेली होती, म्हणून तो भाग नीट पार पडला. सगळं जाळंच तुटेल, याची तालीम मात्र कधी केली नव्हती. जिथे तालीम होती तिथे निभावलं, नव्हती तिथे अडले.

याहून वाईट दक्षिण कोरियात झालं. २६ सप्टेंबर २०२५ ला देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्या हलवण्याचं काम चालू असताना आग लागली. वीज गेल्यावर सांभाळायच्या त्याच या बॅटऱ्या. सहाशेहून जास्त सरकारी सेवा थांबल्या. सरकारी नोकरांच्या कामाची कागदपत्रं जिथे साठवलेली होती, ती ८५८ टेराबाइटची साठवण जळाली आणि तिची नक्कल बाहेर कुठेही नव्हती. तंत्रज्ञानात इतका पुढे गेलेला देश! तेव्हा हे अडाणीपणाचं लक्षण नाही. चालढकल आहे, आणि ती कुणाकडूनही होते.

भाचा म्हणाला, "मामा, पैसे लागतात. काही बिघडलं नाही की साहेब विचारतात, हा दुसरा खर्च कशाला? रात्रपाळीची माणसंही कमी केली, सगळं लांबून होतं म्हणून." त्याची अडचण मला समजते. मागच्या दाराला कुलूप ढिलं ठेवलं तर चोर शिरेल, हेही त्याने सांगितलं आणि ते खरं आहे. पण काटकसर कशात करायची याला काही विचार हवा. लांबून कारभार चालतो तो रोजच्या दिवशी. वाईट दिवशी किल्ली, विजेरी आणि डोकं घेऊन दारात उभा असलेला माणूसच लागतो. त्याला वगळून वाचवलेला पगार हा वाचवलेला नसतो, उधार घेतलेला असतो.

आणि हे फक्त साहेबलोकांसाठी नाही. आज आपल्या पतसंस्थेचं खातं, सातबारा, मुलांचे निकाल, सगळं कुठल्यातरी अशा इमारतीत आहे. पुढच्या वार्षिक सभेत मी आमच्या पतसंस्थेत तीन प्रश्न विचारणार आहे. आपल्या नोंदींची नक्कल दुसऱ्या इमारतीत आहे का? दोन्ही तारा वेगळ्या रस्त्यांनी येतात का? आणि शेवटची तालीम कधी केली होती? लोक हसतील. हसू देत.

आमच्या घरापुरतं मी केलंय ते असं. बारा महत्त्वाचे नंबर कागदावर लिहून कालनिर्णयच्या मागे चिकटवलेत. आणि दर सोमवारी रात्री साडेनऊला आक्काला साधा फोन. ती आता एक्क्याऐंशीची आहे. "काही काम होतं का रे?" असं ती दर वेळी विचारते. मी सांगतो, "नाही गं, तालीम."

असो. तुमच्या कपाटाची दुसरी किल्ली कुठे आहे, जरा बघून घ्या. आणि सापडली तर मला जरूर कळवा.