आजाराची नोंद आणि कामाची पात्रता

गुहागर तालुक्यातील हेदवीच्या एखाद्या प्राथमिक शिक्षकाच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली, तर ती गोष्ट त्याच्या घरापुरती राहत नाही. २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासननिर्णयाने जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांत गंभीर आजाराच्या शिक्षकांसाठी विशेष संवर्ग ठेवला. हेतू निःसंशय स्तुत्य होता. परंतु सवलत हवी तर आजाराचा दाखला कचेरीत देणे आले. तवसाळहून फेरीबोटीने जयगडची खाडी ओलांडून रत्नागिरीस जाण्यापेक्षाही ही उघडकी अनेकांना जड वाटते. आज सवलतीसाठी दिलेला कागद उद्या अपात्रतेचा पुरावा ठरणार नाही, याची हमी कोणी द्यावी?

ही भीती निराधार नाही. एका सार्वजनिक महामंडळाने एचआयव्हीबाधित हंगामी कामगाराला केवळ रक्ततपासणीच्या आधारे कामावरून दूर केले होते. १९९७ साली न्या. टिपणीस व न्या. रंजना देसाई यांच्या खंडपीठाने मुंबई उच्च न्यायालयात त्याला न्याय दिला. जो काम करण्यास समर्थ आहे आणि ज्याच्यापासून इतरांना लक्षणीय धोका नाही, त्याला निव्वळ रोगापायी नोकरी नाकारता येत नाही, हे सूत्र त्या निकालाने घालून दिले.

मालकाची बाजूही विचारात घेतली पाहिजे. अपस्माराचे झटके येणाऱ्या चालकाच्या हाती प्रवाशांनी भरलेली एसटी सोपवावी, असे कोणी म्हणणार नाही. परंतु तेथेही प्रश्न रोगाच्या नावाचा नसून त्या विशिष्ट कामाचा आहे. रक्तातील साखरेच्या आकड्यावरून शिक्षकाचे अध्यापन किंवा कारकुनाचा हिशेब कसा जोखणार?

२०१७ च्या एचआयव्हीविषयक कायद्याने नोकरीतून काढण्यापूर्वी स्वतंत्र व पात्र वैद्यकीय व्यक्तीचे लेखी मूल्यमापन आणि वाजवी सोय का करता येत नाही याचे मालकाचे लेखी निवेदन यांच्या प्रती कर्मचाऱ्याला देणे आवश्यक केले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही. त्याला दुसरे पद द्यावे लागते. मात्र मधुमेही किंवा हृदयरोगी यांपैकी कोणत्याही व्याख्येत सहजी बसत नाही. तेव्हा हेच संरक्षण सर्व दीर्घकालीन रुग्णांना मिळाले पाहिजे, आणि सवलतीसाठी घेतलेली माहिती दुसऱ्या कारणासाठी वापरण्यास स्पष्ट बंदी हवी. अन्यथा माणसे आजार लपवतील, उपचार टाळतील, आणि त्याची किंमत शेवटी शाळा व कचेऱ्यांनाच मोजावी लागेल.