कीटकनाशकांची नोंदणी आणि अर्जाचे शुल्क

भाद्रपदात पऱ्हाटी फुला-पात्यांवर आली म्हणजे वऱ्हाडातील शेतकरी औषधाच्या दुकानाकडे वळतो. डबा हाती घेताच त्याची दृष्टी प्रथम किमतीवर जाते. त्याच लेबलावर छापलेला नोंदणी क्रमांक मात्र सहसा कोणी पाहत नाही. वास्तविक पाहता त्या क्रमांकाचा अर्थ किमतीहून अधिक महत्त्वाचा आहे. सदर औषध कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी व किती प्रमाणात वापरावे याची शासनाने छाननी करून अनुमती दिली आहे, अशी ती ग्वाही असते. या छाननीचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न वरकरणी कचेरीतील वाटला तरी त्याचा संबंध शेतकऱ्याच्या जीविताशी आहे.

१९५८ साली केरळ व मद्रास राज्यांत पॅराथिऑन हे विष मिसळलेले गव्हाचे पीठ खाण्यात येऊन शंभरावर माणसे दगावली. त्या अनर्थाने देशाचे डोळे उघडले आणि पुढे १९६८ चा कीटकनाशके कायदा झाला. त्यानुसार नोंदणी समितीकडे अर्ज केल्यावाचून कोणतेही कीटकनाशक देशात तयार करता येत नाही किंवा बाहेरून आणता येत नाही. औषधाची रासायनिक घडण, किडीवरील परिणाम, माणसाला व जनावरांना होणारी विषबाधा आणि वेष्टन या चारही अंगांनी समितीने परीक्षण करावयाचे असते. एवढ्या कामासाठी १९७१ च्या नियमांखाली दीर्घकाळ प्रत्येक अर्जामागे १०० रुपये शुल्क घेण्यात येत आले. चाचण्यांवर अर्जदार कंपनीचे जे लाखो रुपये खर्च होतात, त्या मानाने ही रक्कम नगण्यच म्हटली पाहिजे.

शुल्क अल्प असले म्हणजे छाननीचा भार सर्वसामान्य करदात्यावर पडतो. शिवाय फारसा विचार न करता अर्जामागून अर्ज करण्यास व्यापाऱ्याला अडसर राहत नाही. अर्जांचा ढीग वाढला आणि तज्ज्ञांची संख्या मात्र तेवढीच राहिली, तर प्रत्येक अर्जाच्या वाट्याला येणारा वेळ कमी होतो. हे नुकसान हिशेबाच्या वहीत दिसत नाही. ते शेतात दिसते.

२०१७ च्या पावसाळ्याअखेर यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. अकोला व अमरावती जिल्ह्यांनाही त्याची झळ लागली. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक नेमण्यात आले आणि पश्चिम विदर्भातील पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घालण्यात आली. पऱ्हाटीची असाधारण उंची, संरक्षक कपड्यांचा अभाव, निरनिराळ्या औषधांचे मनमानी मिश्रण अशी कारणे पुढे आली. या दुर्घटनेचे खापर शुल्कावर फोडता येणार नाही, हे उघड आहे. तथापि डोक्याइतक्या उंच पिकात, दमट उकाड्यात, साध्या सदऱ्यावर फवारणी करणाऱ्या मजुराला हे औषध कितपत निर्धोक आहे, हे मंजुरीपूर्वी व मंजुरीनंतरही तपासत राहणे किती अगत्याचे आहे, हे त्यावरून ध्यानात येते. अशी तपासणी पैशावाचून होत नाही.

शुल्क वाढविल्यास कंपन्या ते शेतकऱ्याकडूनच वसूल करतील, असा आक्षेप घेतला जाईल. त्यासाठी थोडा हिशेब करून पाहावा. समजा, एका अर्जाचे शुल्क १० लाख रुपये ठेवले आणि ते औषध वर्षाला १ लाख लिटर याप्रमाणे पाच वर्षे खपले. तर लिटरमागे बोजा पडेल २ रुपयांचा. कपाशीवरील औषधाच्या बाबतीत हा बोजा जाणवणारा नाही.

परंतु तेच औषध अंजनगाव सुर्जीच्या पानमळ्यासाठी किंवा पिंपळीसाठी मंजूर करून घ्यावयाचे झाल्यास गोष्ट निराळी होते. वर्षाला १ हजार लिटर खप धरला, तर पाच वर्षांत लिटरमागे २०० रुपये पडतील. इतक्या अल्प खपासाठी अर्ज करण्यास कंपनी पुढे येणार नाही. मग पानवेलीवर कीड आली म्हणजे शेतकरी कपाशीचेच औषध अंदाजाने मारील आणि ते पान दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी तोंडात जाईल. शुल्काची सरसकट वाढ म्हणूनच घातक ठरेल. कडुनिंबयुक्त औषधे किंवा ट्रायकोडर्मा तयार करणाऱ्या लहान उत्पादकांनाही हेच लागू आहे. कारण त्यांनाही नोंदणी चुकलेली नाही.

अमेरिकेत अन्नपिकांवरील अगदी नव्या रसायनाच्या अर्जास सहा लाख डॉलरांहून अधिक शुल्क पडते. मात्र तेथे लहान उद्योगांना सवलत असून, थोड्या क्षेत्रावरील पिकांसाठी सार्वजनिक योजनेतून येणाऱ्या अर्जांना माफी आहे. तेथील रकमा आपल्याकडे आणण्याचे कारण नाही; त्यामागील तत्त्व मात्र घेण्याजोगे आहे.

२०२० साली कीटकनाशक व्यवस्थापन विधेयक राज्यसभेत मांडण्यात आले, तेव्हापासून नव्या कायद्याची चर्चा चालू आहे. शुल्काची फेररचना त्याच ओघात व्हावी. नवे रसायन आणणाऱ्याने छाननीचा खरा खर्च द्यावा. आधी नोंदलेल्या औषधाचीच पुन्हा नोंदणी मागणाऱ्यास काम थोडे लागते, म्हणून त्याचे शुल्क बेताचे असावे. अल्प क्षेत्राच्या पिकांसाठी कृषी विद्यापीठांनी केलेले अर्ज निःशुल्क घ्यावेत, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासारख्या संस्थेला ते काम उचलता येईल. जमा झालेली रक्कम परीक्षणावर आणि अमरावतीच्या कीटकनाशक चाचणी प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी खर्च व्हावी. आणि शुल्क भरले म्हणजे मंजुरी मिळालीच, असा समज कोणाचाही होऊ देऊ नये.

शेतकरी बंधूंनीही आपल्याकडून एवढे करावे: डबा घेताना नोंदणी क्रमांक पाहावा, लेबलावर आपल्या पिकाचे नाव आहे याची खात्री करावी आणि पक्की पावती घ्यावी. ज्या डब्यावर नोंदणी क्रमांक नाही, तो कितीही स्वस्त मिळाला तरी घरी आणू नये.