अनुशेष आणि पुणेकर

सदाशिव आणि नारायण पेठेतील अभ्यासिका पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत भरलेल्या असतात. तेथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना गाव विचारावे, तर बीड, परभणी, हिंगोली, यवतमाळ ही नावे पुनःपुन्हा ऐकू येतात. त्यांच्या कॉटचे भाडे आणि खानावळीचे पैसे गावाकडून येतात. म्हणजे मागासलेल्या जिल्ह्यांतील हुशार मुलेही पुण्याकडे येतात आणि त्यांच्या मागोमाग तेथील तुटपुंजा पैसाही येतो. महाराष्ट्राचा प्रादेशिक असमतोल पाहण्यासाठी पुणेकराला शहराबाहेर जाण्याचे कारण नाही.

हा असमतोल प्रथम पद्धतशीरपणे मोजला तोही पुण्याच्याच एका अर्थशास्त्रज्ञाने. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भ-मराठवाड्याला समन्यायाचे आश्वासन दिले होते आणि घटनेच्या ३७१ (२) कलमात त्यासाठी तरतूदही झाली होती. तरीही तूट किती आहे हे मोजायला १९८३ साल उजाडले. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक राहिलेले प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीने रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य अशा बाबींत राज्याची सरासरी काढली. सरासरीच्या खाली असलेल्या जिल्ह्यांना तेथवर आणण्यास किती खर्च येईल, याचा हिशेब मांडला. तो १९८४ साली सुमारे ३,१८६ कोटी रुपये भरला. त्यात विदर्भाचे १,२४६ आणि मराठवाड्याचे ७५० कोटी होते. उरलेली रक्कम, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक, उर्वरित महाराष्ट्राचीच होती, हे मात्र भांडणाच्या भरात दोन्ही बाजू विसरतात.

‘आम्ही कष्टाने वर आलो, त्यांनीही यावे’ असे आपल्याकडे सहज बोलले जाते. हे अर्धसत्य आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती केंद्र सरकारच्या भांडवलावर. पुढे १९६२ साली स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाने त्या परिसरात जमीन संपादून भूखंड पाडले आणि रस्ते केले. पवनेचे पाणी दिले. मुंबईचे बंदर आणि बाजारपेठ जवळ होतीच. उद्योजकांचे कर्तृत्व कोणी नाकारत नाही, पण ते सरकारने तयार करून दिलेल्या जमिनीवर रुजले. तेव्हा अनुशेषासाठी मागितलेला पैसा ही भीक नव्हे. जे आपल्याला आधी मिळाले, तेच इतरांना उशिरा मिळावे, एवढीच ती मागणी आहे.

आणि तो उशीर थोडाथोडका नाही. भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्द प्रकल्पाची कोनशिला १९८८ साली बसली, तेव्हा खर्चाचा अंदाज ३७२ कोटींचा होता. २०२४ पर्यंतही प्रकल्प पूर्ण झाला नव्हता आणि खर्च हजारो कोटींवर गेला होता. १९९४ साली वैधानिक विकास मंडळे आली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली आणि पुनर्गठनाचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला तो सप्टेंबर २०२२ मध्ये. मधल्या काळात या प्रश्नावर बोट ठेवणारी घटनात्मक यंत्रणाच नव्हती. तिच्या अभावी पुण्यात कोणाचे काही अडल्याचे ऐकिवात नाही.

निधी देऊनही खर्च होत नाही, हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि त्याचे एक कारण आपल्या घरातच सापडेल. गडचिरोलीची बदली ही शिक्षा आहे, असे सरकारी नोकरीतील कोणत्या कुटुंबात मानले जात नाही? ती रद्द व्हावी म्हणून ओळखीपाळखी काढल्या जातात. अभियंत्यावाचून कालवा पुढे सरकत नाही, शिक्षकावाचून शाळा भरत नाही; मग मार्चअखेर पैसे परत जातात आणि ‘त्यांना खर्च करता येत नाही’ असे आपणच म्हणतो.

समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. नागपूर मुंबईला जवळ आले, हे चांगलेच झाले. परंतु रस्ता माल आणि माणसे आणतो तशी नेतोही. वाटेवरच्या तालुक्यांत पाणी, तंत्रशिक्षण आणि दवाखाना नसेल, तर तो अभ्यासिकेकडे येणाऱ्या मुलाचा प्रवास तेवढा सोपा करील.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात सरकारने दरवर्षी एक जिल्हावार तक्ता सभागृहापुढे ठेवावा: मंजूर किती झाले, हाती किती आले, खर्च किती झाला. आणि त्यात एक रकाना रिक्त पदांचा असावा.