सामना बघायचा की वाढायचा?

परवा भाचीचा फोन आला. "मावशी, जूनमध्ये एनबीएच्या अंतिम मालिकेतला एक सामना आमच्याकडे सगळ्यांनी मिळून बघायचा ठरलंय. पंचवीसेक जण येतील. तू अमेरिकेत असले उद्योग केले आहेस, तर थीमचं काय करू ते सांग." थीम म्हणजे नारिंगी फुगे, चेंडूच्या आकाराच्या कागदी ताटल्या, कचऱ्याच्या डब्यावर लावायची बास्केटची जाळी, आणि अर्थातच केक. यादी वाचून दाखवायला तिला दहा मिनिटे लागली. सामना हा शब्द त्यात एकदाच आला होता, तोही पहिल्या वाक्यात.

मी तिला एकच विचारले, "आणि तू कुठे बसणार आहेस?"

तिला प्रश्न कळला नाही. तिचा दोष नाही. मलाही तो कळायला एक अख्खी अंतिम मालिका वाया घालवावी लागली होती.

घरी माणसे जमवून सामना बघणे आपल्याला नवे नाही. १९८३ च्या जूनमध्ये विश्वचषकाचा अंतिम सामना आम्ही शेजारच्या वाड्यात बघितला. टीव्ही एक आणि माणसे चाळीस. आमंत्रण कुणालाच नव्हते आणि थीमही नव्हती. त्या घरच्या काकू मात्र अधूनमधून चहाची किटली घेऊन दारात येत, "कोण गेला?" एवढे विचारत आणि आत जात. कपिल देवने रिचर्ड्सचा झेल घेतला तेव्हा बाहेर जो गिल्ला झाला तो काकूंनी स्वयंपाकघरातूनच ऐकला असणार. तेव्हा त्याचे मला काही वाटले नाही. वाटायला हवे होते, हे आज कळते.

क्रिकेट हा खेळच मुळी यजमानिणीची सोय पाहून बेतलेला आहे. षटक संपते, पाणी येते, जेवणाची सुट्टी होते. "कोण गेला?" या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येते. बास्केटबॉलमध्ये तसे काही नाही. बारा-बारा मिनिटांचे चार डाव आणि मध्ये पंधरा मिनिटांची विश्रांती. चेंडू हातात आल्यापासून चोवीस सेकंदांत बास्केटकडे फेकलाच पाहिजे, हा नियम एनबीएने १९५४ साली आणला. त्याआधी आघाडी मिळालेला संघ चेंडू नुसता आपसात फिरवत बसे. १९५० साली एक सामना १९-१८ असा संपला होता. सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बायसोन यांनी सरळ हिशेब मांडला. सामन्याचे २८८० सेकंद, चांगल्या सामन्यात दोन्ही संघांचे मिळून साधारण १२० प्रयत्न, म्हणजे एका प्रयत्नाला २४ सेकंद. खेळ वाचला. पण हाच हिशेब पाहुण्यांना वाढणाऱ्या बाईच्या दृष्टीने करून पाहा. कढईत वडा उलटायला गेलात की एक प्रयत्न हुकला, चटणी आणायला गेलात की तीन.

हे मी अनुभवाने सांगते. आम्ही सतरा वर्षे कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला होतो. जवळच्या ओकलंडचा गोल्डन स्टेट वॉरियर्स हा संघ आमचा. (२०१९ पासून तो सॅन फ्रान्सिस्कोत खेळतो, मला ते अजून पचलेले नाही.) २०१५ च्या १६ जूनला त्यांनी चाळीस वर्षांनंतर विजेतेपद मिळवले, त्या संध्याकाळी आमच्याकडे बावीस माणसे होती. मी पार्टीच्या सामानाच्या दुकानातून निळे-पिवळे सगळे काही आणले होते. बुंदीच्या लाडवांवर चॉकलेटच्या रेघा ओढून त्यांचे बास्केटबॉलसुद्धा केले होते. ते मुलांना फार आवडले, आणि खोटे कशाला बोलू, मलाही. आणि मग सबंध सामनाभर मी बटाटेवडे तळत होते. गरमागरम हवेत ना! शेवटच्या मिनिटाला बाहेर घर डोक्यावर घेतले तेव्हा माझ्या हातात झारा होता.

आता इथे एक सांगितले पाहिजे. पुण्यात शाळेत असताना मी चार वर्षे बास्केटबॉल खेळले. मुरमाचे मैदान, पांढरा खडू फासलेले कॅनव्हासचे बूट, आणि गुडघे फुटून घरी आले की आईचा "मुलीच्या जातीला" हा पाठ. मी गार्ड होते. म्हणजे चेंडू पुढे न्यायचा, कोण कुठे मोकळे आहे ते बघायचे आणि त्याच्या हातात नेमका द्यायचा. त्या बावीस जणांत खेळ खऱ्या अर्थाने कळणारी बहुधा मी एकटीच होते. बाकी बहुतेकांना करी तीन गुणांचे फेकतो एवढे ठाऊक होते. आमच्या भाषेची गंमत पाहा: पाहुणचार करणाराही यजमान आणि नवराही यजमान. त्या दिवशी दोन्ही अर्थांचे यजमान सोफ्यावर बसले होते. माझ्या यजमानांना यात काही गैर वाटले नाही, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर मी तळायला उभी राहिले तेव्हा मलाही वाटले नाही. रात्री भांडी घासताना वाटले.

पुढच्या वर्षी तेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले. वॉरियर्सनी मोसमात ८२ पैकी ७३ सामने जिंकून विक्रम केलेला, अंतिम मालिकेतही ३-१ अशी आघाडी, आणि क्लीव्हलंडने ती ३-३ अशी बरोबरीत आणलेली. सातवा सामना १९ जून २०१६ ला, रविवारी. मी जाहीर केले, की लोकांना बोलवायचे असेल तर बोलवा, पण पावभाजी दुपारीच होईल, पातेले मंद आचेवर राहील, ज्याने त्याने हाताने घ्यायचे. सामना सुरू असताना स्वयंपाकघरात कुणी जायचे नाही, मी तर नाहीच. विश्रांतीच्या पंधरा मिनिटांत चहा हे करतील. फुगे नाहीत. त्याऐवजी मी पलीकडच्या घरातल्या गृहस्थांना बोलावले. एकटे राहणारे, निवृत्त, मूळचे क्लीव्हलंडचे.

"अगं, पण ते विरुद्ध बाजूचे!" एक मैत्रीण म्हणाली. म्हणूनच तर बोलावले होते. एकाच बाजूची पंचवीस माणसे सामना बघत नाहीत, निकालाची वाट बघतात.

गृहस्थ वेळेवर आले, पाव-भाजीचा तिखटपणा निमूटपणे सोसला आणि माझ्या शेजारी बसले. क्लीव्हलंडच्या कुठल्याही मोठ्या संघाने शेवटचे विजेतेपद मिळवले ते १९६४ साली, फुटबॉलमध्ये. तेव्हा ते चौदा वर्षांचे होते आणि वडिलांबरोबर तो सामना बघायला गेले होते. हे त्यांनी विश्रांतीत चहा घेताना सांगितले. तेव्हा आम्ही ४९-४२ असे पुढे होतो आणि घरात विजयाचे वातावरण होते, त्यामुळे त्यांच्याकडे कुणाचे लक्ष नव्हते.

चौथ्या डावात ८९-८९ अशी बरोबरी झाली आणि गुणफलक जणू गोठला. जवळजवळ चार मिनिटे कुणालाही एक गुण करता येईना. असा काळ घरी बसून बघणे म्हणजे काय, हे तळणाऱ्या बाईला कळणार नाही. इग्वोडाला एकटा बास्केटकडे निघाला; मागून लेब्रॉन जेम्स कुठून आला कळले नाही, आणि त्याने चेंडू काचेवर दाबून अडवला. मी आणि शेजारचे गृहस्थ, दोघेही एकाच वेळी उभे राहिलो. ते आनंदाने आणि मी... मला वाटते मीही आनंदानेच. माझा संघ हरायला आला होता, पण तसा अडवलेला चेंडू मुरमाच्या मैदानावर पाहिला असता तरी मी उभी राहिले असते. मग कायरी अर्विंगने त्रेपन्न सेकंद उरले असताना तीन गुणांची फेक मारली. ९३-८९. त्या शेवटच्या साडेचार मिनिटांत वॉरियर्सना एकही गुण मिळाला नाही.

घर एकदम गप्प झाले. गृहस्थ ओरडले नाहीत. चष्मा काढून पुसत बसले. मग हळूच मला म्हणाले की वडील असायला हवे होते. अमेरिकेत तो दिवस फादर्स डे होता, हे मला नंतर लक्षात आले. आमच्या ह्यांनी न सांगता त्यांना दुसरा चहा आणून दिला.

सगळ्यांना हे आवडले असे नाही. "या वेळी जरा कोरडंच झालं नाही?" असे दोघीतिघी आपसात म्हणाल्याचे माझ्या कानावर आले. ते मी मान्य करते. गरम वडा तो गरम वडा. कुणी म्हणेल, माणसे सामन्यासाठी येतात थोडीच, ती भेटायला येतात. तेही खरे. मग टीव्ही बंद ठेवा, मी आनंदाने पुरणपोळी करते. पण सामना म्हणून बोलवायचे, तो लावायचा आणि घरातल्या एका माणसाने, ते माणूस कोण हे सांगायला नको, त्याच्याकडे पाठ करून उभे राहायचे, याला मी आदरातिथ्य म्हणायला तयार नाही. फुगे आणि ताटल्या यांनी हे झाकले जाते, एवढाच माझा त्यांच्यावर राग आहे. सजावट जितकी जास्त, तितकी सजवणारी सामन्यापासून लांब.

भाचीला मी हे सगळे सांगितले नाही. फोनवर कुठे सांगणार? तिकडचा रात्रीचा सामना आपल्याकडे पहाटे साडेपाच-सहाला सुरू होतो, त्यामुळे तिने पोहे ठरवले होते. "पण मावशी, पोहे गारढोण होतील. सातव्या मिनिटाला आत जाऊन फोडणी टाकली तर?"

"विश्रांतीत टाकायची," मी म्हटले. "आणि तू नाही. जावईबापूंना कांदा चिरता येतो ना?"

ती हसली. विचारून सांगते म्हणाली. लाडवांवर रेघा कशा ओढायच्या ते मात्र तिने लिहून घेतले.