जॅक जुळला; सूर जुळला का?



जळकोटहून एका भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या दिवंगत दिरांनी परदेशात असताना हौसेने जमवलेला मॉड्युलर सिंथेसायझर आज त्यांच्या घरी आहे. त्याच्या पट्ट्या उंच, सॉकेट जाड पिनेची. सोलापुरात अभियांत्रिकी शिकणाऱ्या चिरंजीवांनी स्वतःच्या बचतीतून घेतलेली चार मॉड्यूल्स मात्र लहान आणि बारीक पिनेची आहेत. एकाची पिन दुसऱ्यात जात नाही, एकाची पट्टी दुसऱ्याच्या पेटीत बसत नाही. वडील म्हणतात, जुने विकून टाकावे. मुलगा म्हणतो, जुन्या पट्ट्या कापून नव्या पेटीत बसवाव्यात. यांवाचून तिसरा मार्ग आहे का, असे त्या विचारतात. मार्ग आहे आणि तो फारसा खर्चिकही नाही. मात्र दोन यंत्रांमधील कोणता भेद वरवरचा आणि कोणता मूलभूत, हे आधी ओळखले पाहिजे.

या वाद्याशी अपरिचित असलेल्या वाचकांसाठी थोडे सांगतो. हार्मोनियममध्ये भाता, सूर आणि पट्ट्या एकाच पेटीत कायमच्या जोडलेल्या असतात. मॉड्युलर सिंथेसायझरमध्ये प्रत्येक कार्यासाठी स्वतंत्र घटक असतो. एक ध्वनी निर्माण करतो, दुसरा तो गाळतो, तिसरा त्याची तीव्रता कमीजास्त करतो. हे घटक वायरींनी कसे जोडावेत, हे वादकाने ठरवायचे. आपल्या देशातही या वाद्याची परंपरा जुनी आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी रॉबर्ट मूग यांच्या बनावटीची यंत्रणा उभारून दिली. या उपक्रमामागे साराभाई या जैन घराण्यातील गीता साराभाई होत्या. १९४६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जॉन केज यांना भारतीय संगीताचा परिचय करून देणाऱ्या त्या याच. त्या काळातील ध्वनिफिती संस्थेच्या संग्रहात अनेक दशके पडून होत्या. पॉल पर्गस यांनी त्या शोधून काढल्या आणि त्यांतील निवडक रचना २०२३ मध्ये प्रकाशित झाल्या. जुने म्हणून काही विकण्यापूर्वी हे उदाहरण ध्यानी घ्यावे.

आता पिनेकडे वळू. मूग यांनी वापरलेला ६.३५ मिलिमीटरचा जाड जॅक मुळात टेलिफोन एक्स्चेंजच्या स्विचबोर्डावरचा. बारीक पिन ३.५ मिलिमीटरची, रेडिओच्या इअरफोनमुळे ती घरोघरी परिचित आहे. दोन्हींची अंतर्रचना सारखीच आहे : टोकाकडून संकेत जातो आणि नळीकडून ग्राउंड. म्हणून हा भेद वरवरचा समजावा. एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक मोनो पिन असलेली वायर पुरेशी होते. बारीक सॉकेटमध्ये जड अडॅप्टर लटकवू नये. त्याच्या भाराने सॉकेटचे सोल्डर निखळते. त्याहून उत्तम उपाय घरी करता येतो. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर आठ जाड आणि आठ बारीक सॉकेट बसवून त्यांच्या जोड्या आतून सोल्डर कराव्यात. दोन पेट्यांमधील सर्व ये-जा त्या एका पट्टीतूनच करावी.

पट्टीच्या उंचीचा प्रश्नही असाच आहे. मूग पद्धतीची पट्टी पाच यू, म्हणजे सुमारे २२२ मिलिमीटर उंच असते. जर्मनीच्या डिटर डोएपफर यांनी १९९५ मध्ये प्रचारात आणलेल्या युरोरॅक पद्धतीत ती तीन यू असते आणि प्रत्यक्ष मोजली तर १२८.५ मिलिमीटर भरते. जुनी पट्टी कापल्यास तिच्यामागचे सर्किट उघडे पडेल आणि दिवंगत काकांची आठवणही विद्रूप होईल. दोन पेट्या शेजारी ठेवाव्यात. वाद्य एक होण्यासाठी पेटी एक असावी लागत नाही.

मूलभूत भेद डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांतील पहिला विद्युत्पुरवठ्याचा. युरोरॅकला अधिक-उणे १२ व्होल्ट लागतात, तर पाच यू उंचीच्या अनेक मॉड्यूल्सना अधिक-उणे १५. म्हणून प्रत्येक पेटीचा पुरवठा तिचा तिलाच असावा. युरोरॅकच्या रिबन केबलवरची लाल रेघ उणे १२ व्होल्टची बाजू दाखवते. ती उलट बसली, तर मॉड्यूल क्षणात जळू शकते.

दुसरा भेद ग्राउंडचा. जाड आणि बारीक पिनांच्या वायरीतून ते आपोआप जुळते. बुखला आणि सर्ज या यंत्रांत मात्र एकाच तारेची बनाना पिन असते. तेथे दोन पेट्यांची ग्राउंड वेगळ्या तारेने जोडावी लागतात. अन्यथा संकेताला परतीची वाट उरत नाही आणि नुसता गुणगुणाट ऐकू येतो.

तिसरा भेद स्वराच्या मापाचा. मूग आणि युरोरॅक पद्धतींत एक व्होल्ट वाढला की स्वर एक सप्तक चढतो. बुखलाच्या २०० मालिकेत त्याच चढासाठी १.२ व्होल्ट लागतात. त्यामुळे मूगचा एक व्होल्ट तेथे दिल्यास षड्जापासून निघालेला स्वर तार षड्जापर्यंत न पोहोचता कोमल निषादावर थांबतो. पिन चपखल बसली, तरी सूर चुकला.

चौथा भेद आरंभाच्या खुणेचा. स्वर सुरू कर, हे सांगण्यासाठी युरोरॅक व्होल्ट वाढवतो. मूगच्या मूळ पद्धतीत तीच वाट ग्राउंडला टेकवली जाते. एकाची ‘हो’ ही खूण दुसऱ्याला ‘नाही’ अशी कळते. एक ट्रान्झिस्टर आणि एक-दोन रोधक यांचे छोटे सर्किट हे भाषांतर करते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ते एका दुपारचे काम आहे.

तेव्हा क्रम असा असावा. प्रथम दोन्ही पेट्या बंद ठेवून जोडपट्टी तयार करावी. नंतर प्रत्येक पेटी स्वतंत्रपणे सुरू करून मल्टीमीटरने पुरवठा तपासावा. मग स्वराचे माप आणि आरंभाची खूण पाहावी. मिक्सरला जोडताना आवाज अगदी खाली ठेवावा, कारण या वाद्याचा संकेत नेहमीच्या ध्वनियंत्रांहून पुष्कळ जोरकस असतो. शेवटी तानपुरा लावून नव्या पेटीतून एक व्होल्ट जुन्या पेटीकडे पाठवावा. तार षड्ज नेमका लागला, की दोन पेट्यांचे एक वाद्य झाले असे समजावे.