‘प्रोजेक्ट कार’ घेताय? आधी गणित उलटीकडून मांडा!

ते रील तुम्हीही पाहिलं असेल. शेडमध्ये धूळ खात पडलेली कॉन्टेसा तीस सेकंदांत काळीकुळकुळीत, चकचकीत होऊन बाहेर येते. खाली शंभर जण विचारतात, ‘भावा, कितीला पडली?’ उत्तर सहसा येत नाही. आणि नेमकं तेच उत्तर माहीत नसताना पहिल्या नोकरीतली बचत घेऊन आपल्यातलेच काही जण गाडी बघायला निघालेत.

हिंदुस्थान मोटर्सने ही गाडी 1984 मध्ये आणली. साचा ब्रिटनच्या व्हॉक्सहॉलचा आणि इंजिन सुरुवातीला अ‍ॅम्बेसिडरचंच, 1.5 लिटरचं. एवढ्या मोठ्या गाडीला ते कमी पडायचं. पुढे इसुझूचं 1.8 लिटर पेट्रोल इंजिन आलं आणि गाडीचा रुबाब वाढला. 2002 मध्ये उत्पादन थांबलं. अस्सल स्पोर्ट्स कार ती नव्हतीच, पण ‘आपली मसल कार’ हा मान आजही तिचाच. त्यामुळे बंद पडलेल्या गाडीलाही मालक तोंडाला येईल तो भाव सांगतात.

मग योग्य भाव काढायचा कसा? शेवटाकडून सुरुवात करा.

पहिला आकडा : पूर्ण तयार, कागदपत्रं चोख असलेली तशीच गाडी कितीला ‘विकली गेली’? जाहिरातीतली किंमत ही विकणाऱ्याची इच्छा असते. प्रत्यक्ष व्यवहार झालेल्या दोन-तीन मालकांना गाठून विचारा.

दुसरा आकडा : कामाचा खर्च. तो गॅरेजवाल्याकडून कामानुसार लिहून घ्या.

तिसरा : त्या खर्चावर किमान पाव हिस्सा जास्तीचा धरा. पत्रा उघडला की आत काय निघेल, हे मेकॅनिकलाही आधी माहीत नसतं.

समजा, तयार गाडी 8 लाखांना जाते. पत्राकाम आणि रंग अडीच लाख, इंजिन-गिअरबॉक्स एक लाख, वायरिंग-सीट्स पाऊण लाख, काचा-रबर-दिवे पाऊण लाख. झाले 5 लाख. जास्तीचे सव्वा लाख. टोइंग आणि कागदपत्रांचे 50 हजार. एकूण पावणेसात लाख. म्हणजे त्या सांगाड्याची किंमत उरली सव्वा लाख! (आकडे फक्त उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही भरा.) मालक 3 लाख मागत असेल, तर वरचे पावणेदोन लाख ही तुमच्या हौसेची किंमत. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हप्त्याला असतं. इतक्या जुन्या गाडीला बँका सहसा वाहनकर्ज देत नाहीत, मग पोरं महागडं पर्सनल लोन काढतात.

मालक म्हणेल, ‘मीच दोन लाख घातलेत हिच्यात.’ असतील घातले. पण त्याने किती घातले यावर भाव ठरत नाही, अजून किती घालायचे आहेत यावर ठरतो.

बघायला जाताना खिशात लोहचुंबक ठेवा. चाकांवरच्या कमानी आणि दारांखालची पट्टी, जिथे चुंबक चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार पेलते. त्यामुळे खालून गंज लागला असेल तर प्रश्न नुसत्या दिसण्याचा नाही, सुरक्षेचा आहे. इंजिनाचं काम करणारे मिळतात. मूळ दिवे आणि ट्रिम मात्र शोधत फिरावं लागतं. ‘सगळे पार्ट्स पोत्यात आहेत’ असं कुणी म्हणालं, तर पोतं ओतून मोजा.

आता कागद. खरी मेख इथेच आहे. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने 20 वर्षांहून जुन्या मोटारींच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क 5 हजारांवरून 10 हजार रुपये केलं. 2002 ला बंद झालेली प्रत्येक कॉन्टेसा यात येते. पर्यावरण कर आणि एचएसआरपी नंबरप्लेट वेगळी. ‘व्हिंटेज’ नोंदणीची सोय 2021 पासून आहे, पण ती 50 वर्षांपुढच्या गाड्यांना. पहिल्यावहिल्या कॉन्टेसालाही त्यासाठी 2034 उजाडेल! शिवाय व्हिंटेज गाडी रोज कॉलेज-ऑफिसला नेता येत नाही.

गाडी दिल्लीहून स्वस्तात मिळतेय? तिथे 15 वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आहेत, म्हणून ती स्वस्त आहे. एनओसी, इथली नव्याने नोंदणी आणि रोड टॅक्स धरून मग तुलना करा. आरसीवरचा इंजिन नंबर आणि गाडीतला नंबर जुळतो का, हेही बघा. परवानगीशिवाय इंजिन बदललेलं असेल, तर निस्तरायचं तुम्हालाच. आणि आरसी रद्द झालेली असेल, तर भाव भंगाराचाच द्या.

एवढं सगळं करूनही आकडा जमत नसेल आणि तरी गाडी हवीच असेल, तर खुशाल घ्या. फक्त ‘गुंतवणूक आहे’ असं घरी सांगू नका. हौस आहे म्हणा, आणि हौसेला झेपेल तेवढाच चेक फाडा.