पंधरावे कलम

बडोदे शहरी गेलेल्या आपल्यापैकी पुष्कळांनी खंडेराव मार्केटची ती कमानदार, घुमटांची इमारत पाहिली असेल. श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांनी ती १९०६ साली बांधली आणि आपल्या आधीच्या एका गादीधारकाचे, खंडेराव महाराजांचे नाव तिला दिले. महानगरपालिकेचे कामकाज तेथेच चालते, आणि इमारतीच्या आसऱ्याने भाजी, फळे व फुले यांचा बाजारही भरतो. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी याच फुलबाजारात प्रस्तुत लेखकाला एक प्रसंग अनुभवावयास मिळाला. आजचे सदर त्यासंबंधी आहे.

आमच्या वसईकडच्या एका कुटुंबातील मुलगी बडोद्यास परिचारिका म्हणून नोकरीस आहे. तिचा विवाह तेथल्याच एका ख्रिस्ती तरुणाशी ठरला. मुलगा सुशील, कमावता आणि प्रार्थनेत नियमित. मात्र तो मेथॉडिस्ट पंथाचा, गुजराती घरातला. दोन्हीकडची वडील मंडळी समंजस. तिथी ठरली, मानपान ठरले, जेवणाचा बेत ठरला, कोणत्या देवळात विवाह व्हावा हेही ठरले. फुलांचा भाव ठरविण्यासाठी दोन्ही विहिणी मार्केटात आल्या होत्या. झेंडू आणि शेवंतीची घासाघीस हसतखेळत पार पडली. फुलवाल्याला इसार देऊन झाल्यावर मुलाच्या आईने सहज विचारले, “वेवाण, लग्नाच्या मिस्साला आम्ही सगळेच प्रभुभोजन घेणार ना?”

मुलीच्या आईचा चेहरा उतरला. “विहीणबाई, आमच्याकडे तसे चालत नाही हो,” असे ती कसेबसे म्हणाली.

“आमच्या देवळात तर आम्ही सर्वांना बोलावतो. मेज प्रभूचे आहे, आमचे नाही. मग तुम्ही आम्हांला दूर का ठेवता? आम्ही येशूला मानीत नाही का?”

फुलांच्या त्या सुवासात दोन्ही माउल्या क्षणभर गप्प उभ्या राहिल्या. सारे जुळले होते आणि एकच गोष्ट जुळत नव्हती. आणि ती एक गोष्ट लहान नव्हती.

वाचकहो, ही अडचण तुमच्या-आमच्या घरांतही येऊ लागली आहे. मुले-मुली शहरांत जातात, नोकऱ्या करतात, इतर पंथांच्या ख्रिस्ती कुटुंबांशी सोयरिकी होतात. अशा वेळी “आमचा नियम आहे” एवढेच सांगून भागत नाही. हा दुरावा कोठून आला, तो मिटविण्याचे प्रयत्न झाले की नाही, आणि ते का फसले, हे जाणून घेतले पाहिजे. म्हणून आज सुमारे पाचशे वर्षांपूर्वीच्या एका किल्ल्यात जाऊ या.

साल १५२९. जर्मनीत मार्टिन लुथर यांनी रोमच्या अधिकाराशी फारकत घेऊन काही वर्षे झाली होती. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये स्पायर येथील राजसभेत त्यांच्या पक्षाच्या राजांनी व शहरांनी निषेध नोंदविला, आणि त्या निषेधावरून त्यांना ‘प्रोटेस्टंट’ हे नाव पडले. परंतु नाव एक झाले तरी मन एक नव्हते. इकडे विटेनबर्गला लुथर, तिकडे स्वित्झर्लंडातील झुरिक शहरी उलरिख झ्विंग्ली. रोमविरुद्ध बोलताना दोघांचा सूर एक, पण ख्रिस्तप्रसादाचा विषय निघाला की दोघे एकमेकांविरुद्ध पुस्तके लिहीत.

वाद कशाचा होता? शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभूने भाकर हाती घेऊन जे शब्द उच्चारले, त्यांतील ‘आहे’ या एका शब्दाचा. झ्विंग्ली म्हणत, येथे ‘आहे’ याचा अर्थ ‘दर्शविते’ असा घ्यावा. प्रभूचे शरीर स्वर्गात पित्याच्या उजवीकडे आहे, ते एकाच वेळी पृथ्वीवरील असंख्य मेजांवर कसे असेल? आत्मा जीवन देतो, देहाचा काही उपयोग नाही, या अर्थाच्या योहानाच्या सहाव्या अध्यायातील वचनावर त्यांचा मोठा भर. लुथर यांना हे मुळीच मान्य नव्हते. प्रभूने ‘आहे’ म्हटले, तर आहे, असे ते म्हणत. भाकरीचे द्रव्य पालटते ही कॅथलिक शिकवण त्यांनी सोडली होती. तथापि भाकर भाकर राहूनही तिच्यात आणि तिच्यासह प्रभूचे खरे शरीर आहे, यावर ते अढळ होते.

हेसचा तरुण राजा फिलिप याला ही फूट सहन होईना. त्यात धर्मप्रेम होते, तसे राजकारणही होते. सम्राट पाचवा चार्ल्स बलाढ्य होता, आणि प्रोटेस्टंट प्रांत विभागलेले राहिले तर एकेक करून चिरडले जातील, हे त्याला दिसत होते. म्हणून त्याने मार्बुर्ग येथील आपल्या किल्ल्यात दोन्ही पक्षांना बोलाविले. ऑक्टोबरच्या १ ते ४ तारखांस ही भेट झाली. लुथर यांच्याबरोबर विद्वान मेलांख्टन आले, झ्विंग्ली यांच्याबरोबर बाझल शहराचे इकोलांपाडियस आणि स्ट्रासबुर्गचे मार्टिन बुत्सर. त्याच सुमारास तुर्कांच्या फौजा व्हिएन्नाला वेढा घालून बसल्या होत्या. संकट दाराशी होते, आणि आत ख्रिस्ती पंडित एका शब्दाचा अर्थ लावीत होते.

पहिल्या दिवशी राजाने युक्ती केली. तापट लुथर यांना सौम्य इकोलांपाडियस यांच्याबरोबर, आणि आवेशी झ्विंग्ली यांना शांत मेलांख्टन यांच्याबरोबर बोलण्यास बसविले. दुसऱ्या दिवशी मात्र समोरासमोर वाद सुरू झाला. लुथर यांनी मेजावर खडूने प्रभूचे ते शब्द लॅटिनमध्ये लिहून ठेवले आणि वर मखमली कापड ओढले. पुढे विरोधी पक्षाने पुरावा मागितला तेव्हा कापड बाजूला सारून त्यांनी खडूच्या अक्षरांकडे बोट दाखविले. हाच माझा पुरावा, असा त्यांचा भाव. त्यापलीकडे ते गेले नाहीत आणि अलीकडेही आले नाहीत.

अखेर काय ठरले? लुथर यांनी पंधरा कलमांचा मसुदा तयार केला. पवित्र त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व व मनुष्यत्व, मूळ पाप, श्रद्धा, बाप्तिस्मा अशा चौदा कलमांवर एकमत झाले. पंधरावे कलम प्रभुभोजनाचे. त्यातही बरेच जुळले, पण प्रभूचे शरीर व रक्त भाकरीत व द्राक्षारसात देहरूपाने आहे की नाही, यावर आम्ही अद्याप एकमत होऊ शकलो नाही, असे त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवले. विवेकबुद्धी परवानगी देईल तितके एकमेकांवर प्रेम करू आणि योग्य समज मिळावी म्हणून प्रार्थना करू, असेही त्या कलमाच्या शेवटी नमूद केले. दहा जणांनी सह्या केल्या. झ्विंग्ली यांच्या डोळ्यांत पाणी आले होते. त्यांनी बंधुभावाने हात पुढे केला, परंतु तुमच्यात वेगळा आत्मा आहे, असे बजावून लुथर यांनी त्यांना धर्मबंधू मानण्याचे नाकारले. दोघांची पुन्हा भेट झाली नाही. दोनच वर्षांनी, १५३१ साली, झ्विंग्ली काप्पेलच्या रणांगणावर मारले गेले.

यानंतर बुत्सर यांनी हार मानली नाही. पूर्वी डॉमिनिकन संघाचे संन्यासी असलेला हा मनुष्य गावोगाव फिरत राहिला. १५३६ च्या मे महिन्यात विटेनबर्ग येथे त्यांनी लुथर यांच्याशी एक करार घडवून आणला. भाकरी व द्राक्षारसाबरोबर प्रभूचे शरीर व रक्त खरोखर दिले जाते, असे त्यात मान्य झाले. दक्षिण जर्मनीची शहरे लुथर यांच्याकडे आली, पण स्विस मंडळींनी करार स्वीकारला नाही. पुढे १५४९ साली जिनिव्हाचे कॅल्व्हिन आणि झ्विंग्ली यांचे वारस बुलिंगर यांनी सव्वीस कलमांचा झुरिकचा करार केला. त्यायोगे स्विस मंडळी आपसांत एक झाली, पण लुथर यांच्या अनुयायांशी दुरावा वाढला. दोघांना जोडावे, तर तिसरा दूर जाई, असे पुनःपुन्हा घडले.

आपण कॅथलिकांनी मात्र हे वाचून मनात हसू नये. १५४१ साली रेगेन्सबुर्ग येथे कार्डिनल कोंतारिनी हे पोपमहाशयांचे प्रतिनिधी म्हणून प्रोटेस्टंट पंडितांशी बोलणी करावयास गेले होते. मनुष्य देवापुढे नीतिमान कसा ठरतो, या अवघड प्रश्नावर तेथे चक्क एकमत झाले! आणि बोलणी मोडली ती कशावर? प्रामुख्याने ख्रिस्तप्रसादावर. दहा वर्षांनी, ११ ऑक्टोबर १५५१ रोजी, ट्रेंटच्या धर्मपरिषदेने आपली पुरातन श्रद्धा स्पष्ट शब्दांत मांडली. ती अशी की भाकर व द्राक्षारस यांच्या संपूर्ण द्रव्याचे ख्रिस्ताच्या शरीरात व रक्तात परिवर्तन होते. हीच श्रद्धा तुम्ही-आम्ही प्रत्येक मिस्साला ‘आमेन’ म्हणून स्वीकारतो.

मग पंधरावे कलम कायमचेच अडून राहिले काय? तसेही नाही. १९७३ साली बाझलजवळच्या लॉयेनबर्ग येथे युरोपातील लुथरन व रिफॉर्म्ड सभांनी परस्परांच्या मेजावर एकमेकांना मान्यता दिली. मार्बुर्गपासून मोजले तर चारशे चव्वेचाळीस वर्षे लागली! आपल्या देशात २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा सभांनी एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च स्थापिले. त्यांत अँग्लिकन होते, तसेच आपल्या डहाणूपासून वलसाडपर्यंत कार्य केलेले ब्रदरन पंथीयही होते, ज्यांच्याकडे प्रभुभोजनाआधी एकमेकांचे पाय धुण्याचा आणि प्रीतिभोजनाचा सुंदर रिवाज आहे. परंतु अमेरिकन मिशनपासून उदय पावलेली मेथॉडिस्ट सभा, म्हणजे आमच्या नवऱ्या मुलाची सभा, ऐन वेळी बाजूला राहिली. नागपूरलाही सारेच जुळले असे झाले नाही.

आपल्या धर्मसभेनेही १९६४ साली व्हॅटिकन परिषदेच्या ऐक्यविषयक आदेशाने इतर पंथीयांना ‘विभक्त बंधू’ म्हणून जवळ केले. १९९९ साली ऑग्सबर्गला लुथरनांशी, नीतिमान ठरण्याच्या त्याच जुन्या प्रश्नावर, संयुक्त घोषणापत्र झाले, आणि २००६ साली जागतिक मेथॉडिस्ट परिषदही त्यात सामील झाली. म्हणजे त्या दोन विहिणींच्या घरांमध्ये पहिल्या चौदा कलमांइतके, किंबहुना अधिकच, साम्य आज आहे.

हे सारे त्या सकाळी, फुलांच्या टोपल्या रिक्षात चढविल्यावर, एका चहाच्या दुकानात बसून दोघींना सांगितले. मुलाच्या आईने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे तुम्ही आम्हांला कमी लेखता म्हणून दूर ठेवीत नाही?”

नाही. उलट, हे मेज इतके मोठे आहे की त्याच्यापाशी आपण अर्धवट ऐक्य पूर्ण असल्याचे भासवू नये, असे आपली धर्मसभा मानते. त्या मेजावर ‘आमेन’ म्हणणे म्हणजे प्रभूच्या उपस्थितीला होकार, आणि जिच्या हातून ते मिळते त्या संपूर्ण सभेलाही होकार. लुथर व झ्विंग्ली यांना गोड बोलून वेळ मारून नेता आली असती. त्यांनी तसे केले नाही, कारण त्यांच्या दृष्टीने तो शब्दच्छल नव्हता. लुथर यांच्या कठोरपणाचे समर्थन कोणी करू नये, पण पंधरावे कलम खोटे लिहिले नाही, एवढे श्रेय त्या दहाही जणांना दिले पाहिजे.

अखेरीस धर्मगुरूंच्या सल्ल्याने, बिशपमहोदयांची रीतसर परवानगी घेऊन, विवाह मिस्साविना, वचनविधीत लावण्याचे ठरले. एकच शुभवर्तमान दोन्ही कुटुंबांनी एकत्र ऐकले, प्रभूची प्रार्थना दोघींनी आपापल्या भाषेत एकाच दमात म्हटली. त्या दिवशी कोणालाही मागे बाकावर बसून राहावे लागले नाही. मुलीच्या आईला मात्र लेकीच्या लग्नात मिस्सा नाही याचे दुःख झाले, आणि ते तिने लपविले नाही. जेवणाच्या पंगतीत मुलाच्या आईने तिच्या पानात पहिला घास वाढला. फूट मिटली नाही, पण तिच्यापायी कोणी कोणाला परके मानले नाही.

वाचकहो, आता एक प्रश्न आपणा स्वतःला. मार्बुर्गला ज्या मेजासाठी शहाणी माणसे रडली, त्या मेजापाशी आपण दर रविवारी कोणत्या मनाने जातो? बांधावरून भावाशी अबोला धरलेला, शेजारणीशी महिनोन्‌महिने न बोलणारी, पापनिवेदनाला वर्षभर न गेलेला, असे आपण एकाच रांगेत उभे राहतो, जीभ किंवा हात पुढे करतो, आणि घरी जाऊन पुन्हा तोच अबोला. आपल्यांत शिकवणीचा भेद नाही, चौदाच काय, पंधराही कलमे जुळलेली आहेत. मग एका घरात दोन चुली कशा?

विभक्त बंधूंशी ऐक्य व्हावे म्हणून दरवर्षी १८ ते २५ जानेवारी या आठवड्यात आपण प्रार्थना करतो. या वर्षी त्या आठवड्यात संध्याकाळच्या रोझरीनंतर एक ‘आमच्या पित्या’ या हेतूने अवश्य म्हणा. आणि त्याआधी, ज्याच्याशी बोलणे तुटले आहे त्याच्या दारी स्वतः जाऊन या. प्रभूच्या मेजाकडे जाणारी वाट त्या दारावरूनच जाते.